डाव्या गालाची लाली

१

रंग लावायचा तर तोंड आधी गार पाण्यानं धुतलेलं पाहिजे आणि तोंडाचा मालक गप्प बसलेला पाहिजे. ह्या दोन गोष्टी ज्याला जमत नाहीत त्याला मी माझ्या खुर्चीवर टेकू देत नाही, मग तो राजा असो नाहीतर भालदार. मी बादशहा. दिवसा शिरोली एमआयडीसीत ट्रकच्या बॉड्या रंगवतो आणि गेली छत्तीस वर्षं बावडा पुरुष नाट्य मंडळीची तोंडं रंगवतो. ट्रक बरे. तोंडं फार वळवळ करतात.

मंडळी कसबा बावड्याची, साखर कारखान्यातल्या लोकांनी काढलेली. नावातच पुरुष आहे, कारण बायकांची कामंही आमच्यात पहिल्यापासून पुरुषच करतात. अण्णासो आमचे मुख्य. आता वय त्र्याहत्तर, पण एके काळी ते शालू नेसून उभे राहिले की पहिल्या रांगेतल्या बायका आपापला पदर नीट करायच्या. दहा वर्षांपूर्वी त्यांनी कुठंतरी वाचलं की शेक्सपिअरच्या काळात तिकडंसुद्धा बायकांची कामं पुरुषच करायचे. तालमीला येऊन म्हणाले, "म्हंजे ह्यो तर आपलाच माणूस हाय की." तेव्हापासून आम्ही त्याचीच नाटकं करतो, मराठीत, नऊवारीत, गळ्यात साज घालून. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले. मग गेल्या वर्षी परदेशातून पत्र आलं. तीन देश, नऊ प्रयोग, आणि जुन्या रिवाजाप्रमाणं सगळे पुरुषच पाहिजेत.

माझ्या खुर्चीचे तीन नियम आहेत. रंग लागला की पहिला प्रवेश होईपर्यंत बोलायचं नाही. रंग लागलेल्याला त्याच्या घरच्या नावानं हाक मारायची नाही. आणि चढवलेला रंग प्रवेश केल्याशिवाय उतरवायचा नाही. पहिले दोन माझ्या उस्तादांनी शिकवले. तिसरा शिकवताना त्यांनी माझा कान धरला होता.

लाली मी स्वतः बनवतो. ती पितळेच्या करंड्यात भरायची, वरून अनामिकेनं घोटून सपाट करायची आणि झाकण लावायचं. त्या करंड्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. हे मी अभिमानानं सांगत नाही, सांगायचं कारण आहे म्हणून सांगतोय.

२

अण्णासोंची बायको मीनाबाई. सगळे तिला आक्का म्हणतात, मी वैनी म्हणतो. आमच्या तालमीत ती एका लोखंडी पेटीवर वही घेऊन बसायची आणि अडलेल्याला वाक्य सांगायची. डावखुरी बाई. कुणी अडला की डाव्या हाताची दोन बोटं वहीवर वाजवायची, टक, टक, आणि मग हळूच वाक्य टाकायची. आरडाओरड नाही. चाळीस वर्षांत एकूण एक नाटकातली एकूण एक भूमिका तिला पाठ. अण्णासो स्टेजवर जे चालायचे, ते वैनी घरात चालायची तसंच चालायचे. हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी मात्र वैनी विंगेत नाही. पुढं खुर्चीवर, प्रेक्षकांत. तिचे ओठ तेवढे हलत असायचे.

दिवाळीनंतर तिला लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

तिच्याबरोबर आमच्या राणीचं काम गेलं म्हणा. राणी म्हणजे प्रसेनजीत, आमचा परसू, बावड्यातलाच, सत्तावीस वर्षांचा, फौंड्रीच्या लॅबमध्ये लोखंड तपासतो. पोरगं गुणी आहे. फौंड्रीच्या धुळीनं त्याचं नाक कायम वाहतं आणि दर मिनिटाला तो सुर्र करून वर ओढतो, तेवढा एक त्रास. तिसऱ्या अंकात राणी भर दरबारात राजाला जाब विचारते, ते भाषण त्यानं वैनीच्या बोटांवर पाठ केलेलं. बोटं थांबली आणि हा मधेच अडकायला लागला. दहा तालमींत सात वेळा, त्याच जागी. तो अडकला की सगळा दरबार तोंडात मारल्यासारखा उभा. सगळं नाटक त्या भाषणावर तोललेलं. ते पडलं तर आम्ही एवढ्या लांब हसू करून घ्यायला चाललो होतो, एवढं साधं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वैनीच्या पाया पडायला गेलो. मी सगळ्यांत शेवटी. वाकलो तर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि ओढून माझी बोटं आपल्या डाव्या गालाला लावली. सोडेना. तिची नात शिवानी, जी तिचं सगळं करते, ती म्हणाली, "चाचा, आज्जीला काय पायजे कायच कळंना बघा."

मला कळलं होतं. मी हात सोडवून घेतला.

चौतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाहूवाडीकडं एका गावच्या जत्रेत आमचा खेळ होता. अण्णासो तापानं फणफणलेले, उभं राहता येईना. वैनी बरोबर आली होती, त्यांना काढा द्यायला. ती सरळ येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लावा की रंग, भावजी. मला सगळं येतंय." मी लावला. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. डावा गाल पुरा झाला, उजव्याला हात घालणार तोवर जत्रा कमिटीची माणसं आली. बाई उभी राहिली तर खेळ बंद, म्हणाले. अण्णासो घोंगडीतून म्हणाले, "पूस, बादशा." मी खोबरेल घेतलं आणि पुसला. अण्णासो तापात उठले, उभे राहिले, आणि असल्या टाळ्या पडल्या की डोंगर हलला. वैनी पहिल्या रांगेत बसली होती. एक गाल लाल लाल, घासून.

तिसरा नियम मी एकदाच मोडला, तो असा.

३

पहिला प्रयोग पोलंडात. गावाचं नाव मला आजही नीट घेता येत नाही, जीभ वळत नाही. थिएटर लाकडाचं, गोल, वरून उघडं. दुपारी तीनला, उजेडात खेळ. दिवे नाहीत, पडदा नाही, जसं त्यांच्याकडं पूर्वी असायचं तसं. मला रंगपट दिला तो एक लांबडा खण होता, एकच आरसा, आणि मागं विंगेकडं जाणारा अरुंद जिना. पायऱ्यांचा आवाज व्हायचा.

सकाळी करंडा भरला होता. अनामिकेनं घोटून सपाट केला होता. दुपारी झाकण उघडलं तर लालीवर बोट फिरलेलं.

एकच ओढ. पण उलटी. मी उजव्या हातानं लाली उचलतो, ती ओढ माझ्याकडं वळते. ही बाहेर वळलेली, डाव्या हातानं उचलल्यासारखी. मी म्हटलं, विमानात हलला असेल. पण सकाळी तर मीच घोटलेला. मग म्हटलं, कुणीतरी नालायकानं हात घातला. सगळ्यांची बोटं बघितली, एकेकाची, शाळेतल्या मास्तरासारखी. राजाचं काम करणारा उदयसिंह, एवढा धिप्पाड गडी, बोटं पुढं करून म्हणाला, "चाचा, मला लाली लागत न्हाई, मी जन्मजात लाल हाय." सगळी बोटं कोरडी होती.

मी ती ओढ घोटून सपाट केली आणि प्रसेनजीतला रंगवलं.

तिसऱ्या अंकाला मी विंगेत उभा राहिलो. राणी दरबारात आली. भाषण सुरू झालं. अडकायची जागा आली आणि पोरगं अडकलं. मी डोळे मिटले. आठशे परकी माणसं आणि वरून उघडं आभाळ, कुठंतरी एक पक्षी ओरडला तेवढंच.

मग आवाज आला. टक, टक.

डोळे उघडले. राणीचा डावा हात सिंहासनाच्या लाकडावर होता. दोन बोटं. आणि राणी बोलायला लागली, ओरडून नाही, जसं तालमीत बसवलं होतं तसं नाहीच. हळू. इतकं हळू की राजाला एक पाऊल पुढं यावं लागलं. त्या लोकांना मराठीचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. मग त्याच्या मागचे. टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही. मी राणीचा डावा हात बघत होतो.

४

रंग उतरवताना मी विचारलं, "कुठं शिकलास रं हे?"

प्रसेनजीत आरशात स्वतःकडं बघत होता. "काय शिकलो?"

"दरबारातलं. हळू बोललास ते."

त्यानं नाक ओढलं. "चाचा, मी अडकलो हुतो न्हवं? मला आठवतंय मी अडकलो. मग मी विंगेत हुतो. तुमच्या शेजारीच उभा हुतो की. बघत हुतो."

"डोस्कं फिरलं काय? माझ्या शेजारी कोण न्हवतं."

"हुतो की," तो म्हणाला, आणि हसला, पण हसणं पुरतं आलं नाही.

दमणूक, मी म्हटलं. पहिला परदेश, पहिला प्रयोग, चित्त जागेवर नाही. नट लोक असलं काहीबाही बोलतात, मी छत्तीस वर्षं ऐकतोय. खोबरेल लावून बोळा फिरवला. सगळा रंग निघाला, डाव्या गालाचा सोडून. तिथं चार बोळे लागले.

५

मग आमचं असं नशीब उघडलं की विचारू नका. दुसऱ्या प्रयोगाला जागा नव्हती, लोक जिन्यावर बसले. तिकडच्या पेपरात राणीचा फोटो. जर्मनीत तर प्रयोग संपल्यावर लोकांनी पाय आपटून लाकडी जमीन हादरवली, आम्ही घाबरलो, मग कळलं की हे कौतुक आहे. एक बाई आत येऊन माझे रंगानं माखलेले हात बघून रडली. मला अवघडल्यासारखं झालं, पण आतून छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

आणि रोज करंड्यात ती उलटी ओढ. मी करंडा पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. ओढ होतीच. रोज थोडी जास्त खोल.

रोज डावा गाल उशिरा सुटायचा. सहा बोळे, नऊ बोळे. पाचव्या प्रयोगानंतर सुटलाच नाही. प्रसेनजीत एका गालावर लाली घेऊन हॉटेलात जेवायला बसला. चमचा त्यानं डाव्या हातात धरला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, विसरल्यासारखा.

"परसू," मी म्हणालो, "हात बदल."

त्यानं वर बघितलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा बघितलं, आणि मी कोण ते ओळखायला त्याला एक क्षण लागला.

उदयसिंह मला बाजूला घेऊन गेला. ह्या माणसाला कशाची भीती म्हणून नाही, बैलाच्या शर्यतीत पडून उठलेला गडी. आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, स्टेजवर ती माझ्याकडं बघती न्हवं, तवा मला आमची आक्का वही घेऊन बसल्यागत वाटतंय. चुकलो तर पकडंल असं. म्हणून मी चुकत न्हाई. पण मला ते आवडंना झालंय."

संध्याकाळी मी शिवानीला फोन लावला. सहज, खुशाली विचारायला.

"आज्जी बरी हाय," ती म्हणाली. "फकस्त एक हाय बघा, चाचा. तुमचा प्रयोग सुरू व्हायचा टाइम झाला की डोळं मिटती ते दोन-अडीच तास उठतच न्हाई. हाका मारल्या, हलवलं, तरी न्हाई. डॉक्टर म्हणले झोप चांगलीच की. पण चाचा, झोपेत तिचं तोंड हलतंय. आणि उठली की दमलेली असती."

"प्रयोगाचा टाइम तुला कुणी सांगितला?"

"कुणी न्हाई. मोबाइलवर तुमच्या प्रयोगाचं फोटो येत्यात, त्यांचा टाइम बघून मी हिशेब लावला."

मी फोन ठेवला. लकव्याची माणसं जास्त झोपतात. तोंड हलतं, त्यात काय. असं मी स्वतःला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा बरोबर वाटलं नाही.

६

इंग्लंडात शेवटचे दोन प्रयोग. तिथलं थिएटरही गोल, उघडं. आठव्या प्रयोगाला मी अण्णासोंना गाठलं. ते रोज तिसऱ्या अंकाला विंगेत एका स्टुलावर डोळे मिटून बसायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे.

"अण्णासो, उद्या परसूला रंग लावणार न्हाई मी."

"का?"

"तुम्हाला म्हाईत हाय का ते."

म्हातारा रडला नाही, मला वाटलं होतं रडेल. "बादशा, चाळीस वर्सं ती चालली तसा मी चाललो. ती बोलली तसा बोललो. पाणी भरताना, भाकरी थापताना, मी चोरून बघायचो. टाळ्या मला पडल्या. घरी जाऊन मी तिला म्हणायचो, आज लई टाळ्या पडल्या, आणि ती म्हणायची, बरं झालं. आता मी डोळं मिटून बसतोय ते कशाला? तिच्या टाळ्या तिला ऐकू जाताना मला ऐकायच्या हाईत."

"आणि पोरगं? ते दिवसेंदिवस मागं सरतंय. आज सकाळी त्याला त्याच्या आईचं नाव सांगता आलं न्हाई."

अण्णासो माझ्याकडं बघायला लागले. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं. "मग तूच बघ," ते म्हणाले. "पुसायला मी सांगितलं हुतं, पण पुसलास तू."

मला राग आला. भयंकर राग आला, आणि राग अण्णासोंचा नव्हता.

७

नववा, शेवटचा प्रयोग. दुपार लख्ख होती. रंगपटात बाकीचे रंगून गेले, आपापल्या जागी गप्प उभे राहिले. प्रसेनजीत खुर्चीत येऊन बसला. शालू, साज, नथ. डाव्या गालावर काल न निघालेली लाली तशीच. सकाळपासून तो एक शब्द बोलला नव्हता. त्याचं नाकसुद्धा वाजत नव्हतं, आणि त्या सुर्र-सुर्रला छत्तीस वेळा शिव्या घातलेला मी, मला तो आवाज आता जिवाच्या आकांतानं हवा होता.

रंग लावला नाही तर राणी नाही. बाहेर दीड हजार माणूस, एवढ्या वर्षांची मंडळी, दारात आलेलं यश. लावला तर पोरगं घरी येईल की नाही सांगता येत नाही. मी करंडा हातात घेऊन उभा. माझी अक्कल म्हणत होती की लकवा झालेली बाई बावड्यात खाटेवर आहे आणि इथं एक थकलेलं पोरगं आहे. अक्कल बरोबरच बोलत होती. पण माझा हात पुढं होईना.

मग मी केलं ते केलं. नियम दुसरा: रंग लागलेल्याला घरच्या नावानं हाक नाही. तो मोडला. मी मागं उभा राहून, आरशात न बघता, म्हणालो, "वैनी."

खुर्चीतलं डोकं वळलं. लगेच. जसं तालमीत वळायचं.

मी तोंडाकडं बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. डावा हात बघितला. तो खुर्चीच्या दांडीवर होता, दोन बोटं उचललेली.

"वैनी," मी म्हणालो, "चोरून लाली कशाला घेताय? माझ्या हातनं घ्या. त्या दिवशी मी पुसला, मी चुकलो. चौतीस वर्सं झाली, रोज खोबरेलाची बाटली उघडताना मला ते आठवतंय. आज दोन्ही गाल पुरं करतो. मान वर करून जावा. पण त्यो आईला एकुलता हाय. खेळ झाला की पोरगं परत द्यायचं."

जिन्यावरची एक पायरी वाजली, पण जिन्यात कुणी नव्हतं.

मग बोटं खाली आली. टक, टक.

मी लाली उचलली आणि आधी उजवा गाल केला. तो चौतीस वर्षं राहिला होता.

८

तिसरा अंक. मी विंगेत उभा, अण्णासो स्टुलावर डोळे मिटून. राणी दरबारात आली आणि सगळं थिएटर आपोआप गप्प झालं.

भाषण सुरू झालं. अडकायची जागा आली. आणि त्याच वेळी माझ्या डाव्या कानाशी आवाज आला. सुर्र.

मी मान वळवली नाही. समोर उन्हात राणी उभी होती, बोलत होती, आणि माझ्या शेजारी अंधारात कुणीतरी नाक ओढत होतं, थंडी वाजल्यासारखं श्वास घेत होतं. मी फक्त हात बाजूला केला. माझ्या पंजात एक पंजा आला. गार, लोखंडाचा वास येणारा, बोटांवर फौंड्रीचे चट्टे. मी तो घट्ट धरला.

राणीनं राजाला विचारलं. हळू विचारलं. जिनं चाळीस वर्षं दुसऱ्याला वाक्यं पुरवली ती आपली वाक्यं बोलत होती, कुणाला न विचारता, कुठं न थांबता. उदयसिंह राजा असून गुडघ्यावर बसला, तसं बसवलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी ते पुसलं नाही, कारण एक हात गुंतलेला होता आणि तो काही झालं तरी सोडायचा नव्हता. मधे तो पंजा निसटायला लागला, पाण्यातून साबण निसटतो तसा. मी नखं रोवली.

मग टाळ्या. मी गेली छत्तीस वर्षं टाळ्या ऐकतोय, असल्या नाही ऐकल्या. दीड हजार माणूस उभं राहिलं. पाय आपटत होते, ओरडत होते, छत नव्हतं म्हणून आवाज सरळ आभाळात गेला. अण्णासोंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा समोर बघितलं. त्यांनी काय बघितलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फक्त हात जोडले.

राणी वाकली. एकदा, डावा हात छातीवर. आणि माझ्या हातातला पंजा नाहीसा झाला.

स्टेजवर प्रसेनजीत उभा होता. सगळ्या लोकांदेखत त्यानं नाक ओढलं, दणक्यात, आणि भांबावून माझ्याकडं बघितलं.

रंग एका बोळ्यात निघाला. दोन्ही गाल. त्याच्या उजव्या हातावर चार नखांचे वण होते. "चाचा," तो म्हणाला, "मला कोण बोचकारलं?"

"मी," मी म्हणालो. "आईला फोन लाव जा."

९

बावड्यानं आम्हाला वेशीवरच अडवलं. हलगी, घुमकं, फेटे, जेसीबी उभा करून त्यातून फुलं. उदयसिंहला खांद्यावर घेतला, प्रसेनजीतला घेतला, अण्णासोंनाही घेतला, ते नको नको म्हणत होते. गुलालानं रस्ता दिसेना. मला कुणीतरी फेटा बांधला. मी तो तसाच ठेवून मिरवणुकीतून निसटलो, पेटी घेऊन.

शिवानी दारातच उभी होती. "बरं झालं तुम्ही आलासा, चाचा. आज्जीच्या तोंडाला काय झालंय बघा. अंगावर उठलंय का काय. तुमचा शेवटचा प्रयोग झाला त्या रात्रीपासनं हाय. तीन दिवस पाण्यानं पुसतोय, साबण लावला, जाईना."

"गुलाल लागला आसंल."

"गुलाल आज उधळला की. हे तर तवापासनं हाय."

वैनी खाटेवर उशीला टेकून बसली होती. खिडकीतून हलगी ऐकू येत होती. तिनं माझ्या फेट्याकडं बघितलं आणि तोंडाची डावी बाजू हसली. दोन्ही गाल लाल. घासून लाल नव्हे. सपाट, कडेला विरत गेलेले, कानाकडं हलके. असा रंग कोल्हापुरात एकच माणूस लावतो.

मी काही विचारलं नाही. ट्रकवर कोण रंग मारून गेलं हे मला लांबून कळतं, तर हे मला विचारायची काय गरज होती.

खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो. पेटी उघडली. खोबरेलाची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला. शिवानी म्हणाली, "तेलानं जाईल?"

"जाईल," मी म्हणालो. "आता जाईल. प्रवेश झालाय."

वैनीनं डोळे मिटले आणि डावा गाल पुढं केला. मी बोळा फिरवला. एकदाच. गाल स्वच्छ झाला आणि बोळा माझ्या लालीनं भरला. बाहेर लोक अण्णासोंच्या नावानं ओरडत होते. आत चादरीवर दोन बोटं वाजली, टक, टक.

मी दुसरा बोळा भिजवला आणि उजवा गाल घेतला.